हवामान बदलाची बातमी शोधताना: सुरुवात जिल्हा पानापासून

पत्रकारितेच्या एमएला प्रबंधिकेचा विषय ठरवला तेव्हा काम सरळ वाटलं होतं. मराठी वर्तमानपत्रं हवामान बदलाबद्दल काय लिहितात ते पाहायचं. संगणकावर ‘हवामान बदल’ टाकायचं, येतील त्या बातम्या जमवायच्या, त्यांचे गट पाडायचे. दोन महिन्यांनी जो गठ्ठा जमला त्यात आंतरराष्ट्रीय परिषदा होत्या, रविवार पुरवणीतले लेख होते, पर्यावरण दिनाच्या भाषणांचे वृत्तांत होते. वर्ष होतं २०२१. त्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं होतं, महाड तालुक्यात तळीयेवर दरड कोसळली होती. माझ्या गठ्ठ्यात त्यातलं जवळपास काहीच नव्हतं.

बातम्या आल्या नव्हत्या असं नाही, पानंच्या पानं आली होती. माझा शोधशब्द त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. या अभ्यासात येऊ पाहणाऱ्यांना मी म्हणूनच आधी हे सांगते: मराठीतली हवामान बदलाची बहुतेक बातमीदारी ‘हवामान बदल’ हे शब्द न वापरता होते. ती अवकाळीत आहे, पंचनाम्यांत आहे, गळालेल्या मोहोरात आहे, टँकरच्या फेऱ्यांत आहे. तिथे जाऊनच ती वाचावी लागते.

तेव्हा पहिलं काम शब्दांचं. शाळेच्या भूगोलात आपण शिकलो की रोजची ती हवा आणि दीर्घकाळाची सरासरी ते हवामान. पण व्यवहारात वेधशाळेला आपण हवामान खातं म्हणतो आणि उद्याच्या पावसाला हवामानाचा अंदाज. म्हणजे ‘हवामानात बदल’ हे शब्द दुपारनंतर ढग आले एवढ्यासाठीही छापून येतात आणि शंभर वर्षांच्या तापमानवाढीसाठीही. त्यात ‘वातावरणातील बदल’, ‘बदलतं हवामान’, ‘लहरी निसर्ग’, ‘निसर्गाचा कोप’, ‘जागतिक तापमानवाढ’ हे सगळं आलंच. मी दीडेक महिना फक्त वाचत होते आणि वहीत शब्द उतरवत होते. मार्गदर्शकांना तो वेळ वाया गेलेला वाटत होता. पुढे सगळी प्रबंधिका त्या वहीवरच उभी राहिली.

तांत्रिक अडचणही आधीच सांगून ठेवते. बरेच ई-पेपर म्हणजे पानाचं चित्र असतं, त्यात शब्द शोधता येत नाही. जुन्या पीडीएफमध्ये मजकूर असला तरी तो श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असतो. कॉपी केला की भलतीच अक्षरं उमटतात. ग्रंथालयातल्या बांधीव फायली हाताने चाळायची तयारी ठेवा. त्याचा एक फायदा आहे. संगणक फक्त बातमी देतो, फाईल पान दाखवते. अवकाळीच्या बातमीशेजारी कीटकनाशकाची जाहिरात आहे की आमदारांच्या पाहणी दौऱ्याचा फोटो, हे पानावरच दिसतं.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते एका शब्दाने: ‘ढगफुटीसदृश’. हवामान खात्याच्या लेखी ढगफुटी म्हणजे साधारण २० ते ३० चौरस किलोमीटरच्या भागात तासाभरात १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस. तासातासाला मोजणारं यंत्र त्या जागी असेल तरच हे ठामपणे सांगता येतं. गावातून रात्री फोन येतो तो वेगळाच: ओढ्याने पात्र सोडलं, बांध फुटले, वावरातली माती खरडून गेली. ढगफुटी लिहावं तर आकडा हातात नाही. मुसळधार लिहावं तर लोकांनी डोळ्यांनी पाहिलं ते त्यात मावत नाही. म्हणून ‘ढगफुटीसदृश पाऊस’. अनेक अभ्यासक या शब्दाला सनसनाटी म्हणून बाजूला सारतात. मला तो प्रामाणिक वाटतो. आपल्याकडे मोजमाप कमी पडतंय, हे बातमीदाराने एका शब्दात कबूल केलेलं असतं. याउलट ‘अतिवृष्टी’ हा शब्द आपल्याला फक्त जोरदार वाटतो, पण महसूल खात्यात त्याला नेमका अर्थ आहे: महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस. भरपाई त्या आकड्यावर अडते, म्हणून बातमीत तो आकडा येतो. कोणता शब्द कुठल्या कचेरीतून पानावर आला, हे शोधत गेलात की अर्धा अभ्यास झाला.

आता चिपळूणकडे. शहरात पाणी शिरलं २२ जुलै २०२१ ला. त्यानंतर अठरा दिवसांनी, ९ ऑगस्टला, आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या, सहाव्या मूल्यांकन अहवालाचा पहिला भाग आला. वातावरण, समुद्र आणि जमीन माणसामुळे तापली हे निःसंशय आहे, असं त्यात म्हटलं होतं. संयुक्त राष्ट्रांचे महासचिव अंतोनिओ गुटेरेस यांनी त्याला मानवजातीसाठी ‘कोड रेड’ म्हटलं. मी या अठरा दिवसांचे अंक एका टेबलावर मांडून वाचले. पुराच्या बातम्यांत वाशिष्ठी नदीतला गाळ होता, पूररेषा होती, धरणातून सोडलेल्या पाण्याचा वाद होता, मदतीची रक्कम होती. अहवालाच्या बातमीत हिमनद्या होत्या, दीड अंश तापमानवाढीची मर्यादा होती, देशांची नावं होती. दोन्ही बातम्या दोन वेगळ्या जगांतल्या वाटत होत्या. एकीत माणसं होती पण कारणाचा लांबचा धागा नव्हता. दुसरीत धागा होता पण माणूस नव्हता.

इथे घाई करू नका. पुराच्या बातमीत हवामान बदलाचं नाव नाही म्हणून ती बातमी कच्ची, असा शेरा नवा अभ्यासक पटकन मारतो. मीही पहिल्या मसुद्यात मारला होता आणि नंतर काढून टाकला. गाळ खराच साचलेला असतो, पूररेषेच्या आत बांधकामं खरीच झालेली असतात. ज्याचं घर बुडालं त्याला ही जवळची कारणं आधी कळायला हवीत, कारण त्यांवर नगरपालिकेला जाब विचारता येतो. प्रश्न असा विचारावा: जवळचं कारण सांगताना लांबचं झाकलं जातं का, आणि लांबचं सांगताना जवळचं माफ होतं का? ‘निसर्गापुढे कोणाचं चालतं’ या सुरात हवामान बदलाचं नाव घेतलं की गाळ न काढणारेही सुटतात. तीसुद्धा नोंदवण्यासारखी चौकट, म्हणजे बातमी मांडायची ठरावीक रीत, आहे.

वाचन मोजकं ठेवा, पण मुळातून करा. मॅक्सवेल आणि ज्युल्स बॉयकॉफ या भावांनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या चार मोठ्या वर्तमानपत्रांच्या १९८८ ते २००२ मधल्या बातम्या तपासल्या. दोन्ही बाजूंना सारखी जागा देण्याच्या पत्रकारी सवयीमुळे विज्ञानातली सहमती वाचकापर्यंत पोचताना वाकडी होते, असं त्यांनी दाखवलं. समतोलातूनच पक्षपात. निबंध उत्तम आहे, मात्र आपल्याकडे तो तसाच लावायला जाल तर रिकाम्या हाताने परताल. सायमन बिलेट यांनी २०१० मध्ये भारतातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांचा अभ्यास मांडला, त्यात नाकारणारा सूर जवळजवळ नव्हता. तिथला मुख्य सूर होता: धोका आपल्याला, जबाबदारी श्रीमंत देशांची. मराठी जिल्हा पानावर मला तिसरंच दिसलं. तिथे जबाबदारी म्हणजे राज्य सरकार, आणि जबाबदारी निभावणं म्हणजे भरपाई. पीक ३३ टक्के गेलं की त्याहून कमी, पंचनाम्याला तलाठी आला की नाही, हेक्टरी किती मिळणार. कार्बनचा हिशेब दिल्लीच्या पानावर, नुकसानीचा हिशेब जिल्ह्याच्या.

कोडिंगबद्दल, म्हणजे प्रत्येक बातमीला ठरलेल्या रकान्यांत क्रमांक देण्याबद्दल, थोडं सविस्तर सांगते, कारण नवखे तिथेच खचतात. बातमीला ‘कारण’ या रकान्यात कोणता क्रमांक द्यायचा, हे दोन जणांनी स्वतंत्रपणे ठरवायचं आणि मग सहमती मोजायची; त्यासाठी कोहेनचा कप्पा किंवा क्रिपेनडॉर्फचा अल्फा हे आकडे वापरतात. पूर्ण सहमती म्हणजे १. ०.८० च्या वर गेलात तर निर्धास्त व्हा. माझी वर्गमैत्रीण आणि मी पहिल्या फेरीत त्याच्या बऱ्याच खाली होतो. भांडण झालं ते रत्नागिरीच्या आंब्याच्या बातमीवरून. ‘बदलत्या वातावरणाचा फटका’ असं शीर्षक, आत ढगाळ हवा, तुडतुडे, काळवंडलेला मोहोर आणि वाढलेला फवारणीचा खर्च. तिचं म्हणणं, शीर्षकातच वातावरण बदल आहे, म्हणून हवामान बदल. माझं म्हणणं, आत चार दिवसांच्या ढगांशिवाय काही नाही, म्हणून रोजची हवा. तिचं माहेर देवगडकडचं. ती म्हणाली, अगं, बागायतदार हे वाक्य दरवर्षी म्हणतोय, त्याच्या तोंडी ‘बदलतं’ म्हणजे चार दिवसांचं नव्हे. तिचं खरं होतं. पण बातमीत तसं लिहिलेलं नव्हतं, हेही खरं होतं. शेवटी रकान्याचे तीन भाग केले: नुसती घटना, बदलाचा उल्लेख आहे पण काळ सांगितलेला नाही, आणि अनेक वर्षांचा कल किंवा तापमानवाढ स्पष्ट म्हटली आहे. मधल्या खान्यातच सगळ्यात जास्त बातम्या पडल्या. सहमती झाली नाही तर आपण चुकलो असं समजू नका. बहुतेकदा खाना चुकलेला असतो.

नमुना निवडताना कृत्रिम आठवड्याची पद्धत शिकवतात: वर्षातल्या सगळ्या सोमवारांतून एक, मंगळवारांतून एक, असे दोन आठवडे काढले की दैनिकाचं वर्ष बऱ्यापैकी हाती येतं. एरवी ते ठीक. या विषयाला मात्र ऋतू आहेत. मोहोराची बातमी हिवाळ्यात, गारपिटीची बहुधा फेब्रुवारी-मार्चात, पुराची पावसाळ्यात. चिठ्ठ्या टाकून काढलेले चौदा दिवस ते चुकवतात. एखाद्या तालुक्याचं पान अख्ख्या हंगामभर वाचणं जास्त मोलाचं.

विज्ञान किती यायला हवं? आयपीसीसीचे सारांश समजतील, तापमानवाढ ‘१८५० ते १९०० च्या तुलनेत’ मोजतात म्हणजे काय ते सांगता येईल, एल निनो (प्रशांत महासागराचं काही वर्षांनी होणारं तापणं) आणि तापमानवाढ यांत गल्लत होणार नाही, इतकं. शिवाय एखाद्या घटनेत तापमानवाढीचा वाटा किती हे शोधणारं शास्त्र आता बरंच पुढे गेलंय, तेही समजून घ्या. मार्च-एप्रिल २०२२ मधली भारत-पाकिस्तानातली उष्णतेची लाट हवामान बदलामुळे सुमारे ३० पट अधिक संभाव्य झाली, असं वर्ल्ड वेदर अॅट्रिब्यूशन या गटाने काढलं. ‘अमुक एक घटना हवामान बदलामुळे झाली असं म्हणता येत नाही’ हे जुनं वाक्य आजही बातम्यांत सापडतं. ते सापडलं की तारीख टिपून ठेवा. पुणेकरांना तर सबबच नाही. पाषाणला आयआयटीएम, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना १९५० पासून तिपटीने वाढल्या. मराठी दैनिकांच्या कचेऱ्यांपासून हे रिक्षाच्या अंतरावर आहे, आणि जिल्हा पानावर ते किती वेळा पोचलं, यावर एक स्वतंत्र प्रबंधिका होईल.

पोटापाण्याचं थोडक्यात. पुढे शिकायचं तर जनसंवाद व पत्रकारिता विषयात नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्या. जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत. अध्यापन, संस्थांमधलं संवादाचं काम, बातमीदारांची प्रशिक्षणं या वाटा आहेत. पूर्णवेळ हवामान बातमीदाराच्या जागा मराठीत फार थोड्या, हे धरून चाला.

शेवटचं काम बातमीदारांना भेटण्याचं, आणि ते पानं वाचून झाल्यावरच करा. मी ज्या एका तालुका वार्ताहरांना भेटले ते दिवसभर स्वतःचं दुकान सांभाळून बातम्या देत होते. हवामान बदल का लिहीत नाही, असं मी थेट विचारलं. ते शांतपणे म्हणाले, मॅडम, सहाला बातमी पाठवायची, उपसंपादक शंभर शब्द ठेवणार, त्यात वाचकाला पंचनाम्याची तारीख हवी की पृथ्वीचं तापमान? मला उत्तर देता आलं नाही. मग तहसील कचेरीतल्या मंडळनिहाय पावसाच्या नोंदी आम्ही दोघांनी बसून पाहिल्या. जून ते सप्टेंबरचे जुने आकडे ते बोट ठेवून वाचत गेले आणि मधेच थांबून म्हणाले, पाऊस तेवढाच आहे हो, दिवस कमी झालेत. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी मला एका कात्रणाचा फोटो पाठवला. अतिवृष्टीची नेहमीचीच बातमी, शंभरेक शब्दांची. शेवटच्या ओळीत आपल्या मंडळात मागच्या दहा वर्षांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस किती वेळा झाला, तो आकडा होता.