स्थिर त्वरणाची गणितं कलन (कॅल्क्युलस) वापरून कशी सोडवावीत

गतीची तिन्ही सूत्रं पाठ असतात, तरी गणित अडतं. यातलं नेमकं कोणतं लावायचं, तेच कळत नाही. कलनाची वाट धरली की निवडायचं काही उरत नाही. त्वरणाचं काळानुसार समाकलन (इंटिग्रेशन) केलं की वेग मिळतो, वेगाचं केलं की स्थान. दोन्ही वेळा एकेक स्थिरांक येतो आणि त्याची किंमत गणितातच दडलेली असते.

समजा, १४.७ मीटर उंच गच्चीच्या कडेवरून चेंडू ९.८ मी./से. वेगाने सरळ वर फेकला. तो जमिनीवर कधी आणि किती वेगाने आदळेल? हवेचा रोध सोडून द्या. काळ क, वेग व, स्थान स.

१. शून्य कुठे आणि धन दिशा कोणती, ते आधी कागदावर लिहा. इथे जमीन म्हणजे शून्य, वरची दिशा धन. म्हणून त्वरण −९.८ मी./से.². चेंडू वर जात असतानाही ते ऋणच राहतं. सर्वाधिक चुका इथेच होतात: चढताना एक चिन्ह, उतरताना दुसरं.

२. समाकलन करा: व = −९.८क + स्थिरांक. क = ० असताना व = ९.८, म्हणून स्थिरांक ९.८.
व = ९.८ − ९.८क

३. पुन्हा समाकलन करा. या वेळचा स्थिरांक म्हणजे सुरुवातीची उंची. तो शून्य धरून पुढे गेलात, तर चेंडू जमिनीवरून फेकल्यासारखं उत्तर येईल.
स = १४.७ + ९.८क − ४.९क²

४. आता प्रश्नाचं समीकरण करा. जमिनीवर स = ०. ४.९ ने भागल्यावर क² − २क − ३ = ०, म्हणून क = ३ किंवा −१. चेंडू ३ सेकंदांनी आदळतो; तेव्हा व = −१९.६ मी./से. (−१ हे उत्तर अगदीच निरर्थक नाही. जमिनीवरून १ सेकंद आधी १९.६ मी./से. वेगाने फेकलेला चेंडू याच मार्गाने गेला असता.)

कापलेलं एकूण अंतर विचारलं असेल तर जपून. −१४.७ मीटर हे विस्थापन, म्हणजे सुरुवातीच्या आणि शेवटच्या स्थानातला फरक आहे, अंतर नव्हे. वेग शून्य होतो तो क्षण शोधा: क = १, उंची १९.६ मीटर. म्हणजे ४.९ मीटर वर आणि १९.६ खाली, मिळून २४.५ मीटर.

गणितात काळ दिलेलाच नसेल, तर त्वरण = व × (वेगाचं स्थानानुसार अवकलन, म्हणजे डिफरन्सिएशन) असं लिहा. ताशी ७२ किमी, म्हणजे २० मी./से. वेगाची गाडी ५ मी./से.² मंदनाने (म्हणजे त्वरण −५) किती अंतरात थांबते? ब्रेक दाबला ती जागा शून्य धरून दोन्ही बाजूंचं स्थानानुसार समाकलन केलं की ० − २०²/२ = −५स, म्हणून स = ४० मीटर.

याच गाडीचं ६ सेकंदांनंतरचं स्थान विचारलं, तर २०क − २.५क² मध्ये ६ घालून ३० मीटर येतं. पण ब्रेक दाबलेली गाडी मागे येत नाही! ती चौथ्या सेकंदालाच थांबली. त्यानंतर त्वरण शून्य, उत्तर ४० मीटरच.

त्वरण मध्येच बदलत असेल तर प्रत्येक टप्प्याचं समाकलन वेगळं करा. आधीच्या टप्प्याच्या शेवटचा वेग आणि स्थान हेच पुढच्या टप्प्याचे स्थिरांक, फक्त तिथे काळ पुन्हा शून्यापासून मोजा.