शाळेच्या जुन्या लॅपटॉपवर कोडिंग शिकवताय? या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या पुष्कळ शाळांत लॅपटॉप येतात ते कुठल्यातरी ऑफिसची नोकरी संपवून. रॅम दोन-चार जीबी, बॅटरी नावापुरती. आपण मात्र यूट्यूबवर पाहिलेलं टूल आधी ठरवतो आणि ते चालेना की लॅपटॉपला नावं ठेवतो. आधी 'धिस पीसी'वर (विंडोज ७ मध्ये 'कॉम्प्युटर'वर) राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. विंडोज कोणतं, रॅम किती, ३२ बिट की ६४, एवढं वहीत लिहून घ्या. टूल कोणतं घ्यायचं ते त्यावरून ठरवा.

आठ वर्षांपुढच्या मुलांना स्क्रॅच (रंगीत ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचं सॉफ्टवेअर) उत्तम, यात वाद नाही. पण ते वेबसाइटवरूनच चालवायचं, हा हट्ट सोडा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दहा लॅपटॉप लावले की तास 'लोडिंग' बघण्यातच जातो. ऑफलाइन ॲप एकदा उतरवून पेन ड्राइव्हने सगळीकडे टाका. स्क्रॅच ३ चं ॲप विंडोज १० पासून पुढे चालतं. विंडोज ७ असेल तर जुनं १.४ घ्या, ते हलकंही आहे. मात्र वर्गात एकच आवृत्ती ठेवा. घरी स्क्रॅच ३ मध्ये केलेली फाइल जुन्या स्क्रॅचमध्ये उघडत नाही आणि पोरगं रडवेलं होतं.

साइट उघडायचीच असेल आणि 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं येत असेल, तर व्हायरस शोधण्याआधी कोपऱ्यातली तारीख बघा. आतला छोटा सेल संपला की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि ब्राउझर साइट नाकारतो. तारीख दुरुस्त करा, सवडीने सेल बदला.

पाचवी-सहावीलाच पायथन, म्हणजे प्रोग्रॅम टाइप करून लिहायची भाषा, सुरू करायची घाई नको. टायपिंगच जमत नाही तिथे कंस आणि स्वल्पविराम कुठून सापडणार? मोठ्या मुलांसाठी थॉनी (पायथन लिहून चालवायचं सोपं ॲप) घ्या, पायथन त्याच्यासोबतच येतं. विंडोज ७ वर पायथन ३.८ च्या पुढचं चालत नाही, म्हणून थॉनीचा ३.८ वालाच इन्स्टॉलर निवडा.

इथे एक भानगड हमखास होते. टर्टलने (पायथनमधलं चित्रं काढायचं साधन) चौकोन काढायचा म्हणून मुलगा फाइलला नावही 'टर्टल डॉट पीवाय' असंच देतो. मग पायथन खरं टर्टल सोडून त्याचीच फाइल उचलतं आणि 'टर्टलमध्ये फॉरवर्ड नाही' म्हणून लाल ओळी ओकतं. प्रोग्रॅम अक्षर न् अक्षर बरोबर, चूक फक्त नावात! फाइलला 'चौकोन१' म्हणा, गाडी रुळावर येते. तसंच वर्डमध्ये टाइप केलेला प्रोग्रॅम चिकटवू नका. तिथली वाकडी अवतरणचिन्हं पायथनला चालत नाहीत.

उदाहरणं पुस्तकातलीच हवीत असंही नाही. स्क्रॅचच्या मांजरीला अहिराणीत 'काय करी राहिना रे?' बोलायला लावा, मागचा बाकही पुढे सरकतो. रावेर-यावलकडच्या मुलांना व्हेरिएबल (बदलता आकडा साठवायचं नाव) शिकवायला केळीच्या घडांचा हिशेब पुरतो.

एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत लॅपटॉप आपोआप बंद पडत असेल तर विंडोज पुन्हा टाकत बसू नका. तो तापलाय. जाळीतली धूळ काढा, सतरंजीवर न ठेवता बाकावर ठेवा आणि संगणकाचा तास सकाळच्या शाळेत पहिलाच लावा.