हाकेपासून सुरुवात: आवाज आणि हालचालीतून मन मोकळे करताना

मनात साचलेले शब्दांत सांगता येत नसले, की त्याच्या खुणा आधी शरीरावर दिसू लागतात. घसा दाटून येतो, जबडा आवळला जातो, खांदे नकळत वर चढतात आणि श्वास छातीच्या वरच्या भागातच घुटमळत राहतो. अशा माणसाला "बोल, मन मोकळं कर" असे सांगून फारसा उपयोग होत नाही. त्याच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते, परंतु त्याचे अजून वाक्य झालेले नसते. आवाज आणि हालचाल यांच्या आधाराने चालणारी कलोपचाराची पद्धत याच ठिकाणी कामी येते. तिच्यात आधी नुसता आवाज असतो, मग हालचाल, आणि शब्द त्यानंतर आपल्या सवडीने येतात.

ही पद्धत एका दिवसात कोणी शोधून काढलेली नाही. १९४२ मध्ये वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात मॅरियन चेस या नर्तिकेने मनोरुग्णांसोबत काम सुरू केले. जे रुग्ण बोलत नव्हते, त्यांच्या हालचाली ती आपल्या अंगाने हुबेहूब उचलत असे आणि त्यातून संवादाचा पहिला धागा जुळत असे. आल्फ्रेड वोल्फसोन हा पहिल्या महायुद्धातील जर्मन सैनिक होता. मरणाऱ्या सैनिकांच्या किंकाळ्या युद्ध संपल्यावरही त्याच्या कानांतून जात नव्हत्या. त्याने तेच भेसूर आवाज स्वतःच्या गळ्यातून काढून पाहिले आणि पुढे आयुष्यभर आवाजावर काम केले. १९७० च्या दशकात अमेरिकेतील केंब्रिज येथील लेस्ली या संस्थेत शॉन मॅकनिफ, पाओलो क्निल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्र, नृत्य, आवाज, नाट्य आणि लेखन या कलांना एकाच उपचारात गुंफले. त्यालाच आज एक्स्प्रेसिव्ह आर्ट्स थेरपी म्हणतात. तिच्यात कलाकृती चांगली झाली की वाईट, हा प्रश्नच विचारला जात नाही.

खानदेशात या विषयावर बोलू लागले, की पहिली अडचण हीच पुढे येते: "मला गाता येत नाही, नाचता तर मुळीच येत नाही." माझे स्पष्ट मत असे आहे, की आपल्याकडच्या माणसाने गाण्यापासून किंवा नाचापासून सुरुवात करूच नये. ज्या आवाजाची आणि ज्या हालचालींची अंगाला कामामुळे आधीच सवय आहे, तेथून सुरुवात करावी. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या कोणत्याही खेड्यात वाढलेल्या माणसाला शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारता येते. सुपात धान्य पाखडणे, कपाशीच्या ओळीतून पुढे सरकत कापूस वेचणे, डोक्यावर भारा घेऊन तोल सांभाळत चालणे, हे सर्व त्याच्या अंगवळणी पडलेले असते. एवढे भांडवल या कामाला पुरेसे आहे.

जागा आणि वेळ

खरे सांगायचे तर आवाज काढण्यापेक्षा तो काढायला जागा मिळवणे अधिक कठीण असते. दोन खोल्यांच्या घरात, शेजारच्या भिंतीला भिंत लागून असताना, मोठ्याने हुंकार द्यायचा म्हणजे चार माणसे धावत येतात. ज्यांचे शेत आहे त्यांनी शेत गाठावे. खळे, मळ्यातली झोपडी, केळीच्या बागेची कड, यांपैकी काहीही चालते. जुन्या घराचे धाबे किंवा नव्या घराची गच्ची भल्या पहाटे मोकळी असते. शहरातल्या माणसाने उशीत तोंड खुपसून आवाज काढावा, कारण उशी आवाज गिळते आणि तरीही छातीतली कंपने पूर्ण जाणवतात. उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा सकाळी आठच्या आत हे उरकावे आणि आधी थोडे थोडे पाणी प्यावे, कारण कोरड्या घशावर जोर दिल्यास आवाज बसतो.

घरच्यांना अंधारात ठेवू नये. "आत्याबाई, मी धाब्यावर आवाजाचा व्यायाम करायला जाते, दहा मिनिटांत येते," एवढे साधे सांगितले तरी निम्मा संकोच जातो. हे विशेषतः सुनांसाठी लिहितो आहे. एकट्या बाईचा मोठा आवाज ऐकू आला किंवा तिचे अंग थरथरताना दिसले, की "अंगात आलं" असा तर्क लगेच होतो. कानबाई या आपल्या खानदेशी देवीच्या उत्सवातील त्या अनुभवाला त्याची श्रद्धा आणि त्याची जागा आहे. येथे मात्र आपण पूर्ण भानावर राहून, स्वतः ठरवून सुरू करतो आणि स्वतः ठरवून थांबतो. हा फरक घरच्यांना आधीच सांगून ठेवलेला बरा.

मोबाइल बंद करून दूर ठेवावा आणि चित्रीकरण अजिबात करू नये. समोर कॅमेरा आला की गळा आणि अंग दोन्ही लोकांना दाखवण्यासाठी चालू लागतात, आणि जे बाहेर यायचे असते ते आतच राहते.

आधी पाय, मग हुंकार

अनवाणी उभे राहावे. पावले खांद्यांइतकी अंतरावर ठेवून गुडघे किंचित सैल सोडावेत. टाच, चवडा आणि बोटे यांच्यावर वजन आलटून पालटून टाकून पाहावे. डोळे उघडे ठेवले तरी चालतात, किंबहुना ज्यांच्या मनावर मोठा आघात झालेला आहे त्यांनी ते उघडेच ठेवावेत.

त्यानंतर ओठ अलगद मिटावेत, पण दात एकमेकांना टेकू देऊ नयेत. एक तळवा छातीच्या मधल्या हाडावर ठेवून नाकाने श्वास घ्यावा आणि तो सोडताना "म्" असा हुंकार संथपणे चालू ठेवावा. स्वर खालचा असेल तर तळव्याखाली हाड गुणगुणताना जाणवते. स्वर थोडा चढवला की तीच कंपने नाकाच्या बाजूला आणि गालांच्या हाडांत सरकतात. श्वास लांबवून सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून दोन-चार मिनिटांच्या हुंकारानंतर अंग निवल्यासारखे वाटते. श्वास कोंडून धरू नये आणि भरभर घेऊही नये. हुंकाराच्या मध्येच जांभई आली, पोटात गुरगुरले किंवा डोळे पाणावले तर ते येऊ द्यावे.

हाक

या साऱ्या सरावाचा गाभा माझ्या दृष्टीने येथे आहे. बहुतेकांचा रोजच्या बोलण्यातला आवाज आखडलेला असतो, पण हाकेचा आवाज तसा नसतो. हाक मारताना माणूस आपोआप पाय रोवतो, पोटातून श्वास उचलतो, तोंड पूर्ण उघडतो आणि स्वर लांबवतो. हाक दूरच्या माणसापर्यंत पोहोचली पाहिजे, एवढाच विचार डोक्यात असल्याने आवाज गोड आहे की घोगरा याकडे लक्षच जात नाही. बायकांच्या एका गटात एक ताई पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "मना आवाजच निंघत नही." त्यांना म्हटले, नाल्यापलीकडे तुमचे माणूस पाणी भरते आहे आणि भाकरी घेऊन तुम्ही इकडे उभ्या आहात, बोलवा त्यांना. त्यांनी हाताचा पंजा तोंडाशी धरला आणि अशी हाक दिली, की गल्लीतून दोन पोरे डोकावून गेली. त्या आधी हसल्या, मग बराच वेळ पदराने डोळे टिपत राहिल्या. कोणी काही विचारले नाही आणि विचारण्याची गरजही नव्हती.

आपण एकटे असताना हे असे करावे. दूरचे एक झाड, विजेचा खांब किंवा डोंगराची कड निवडावी. तेथे कोणीतरी आहे असे धरून आधी ओळखीच्या माणसाला हाक द्यावी. मग नाव गाळून फक्त स्वर ठेवावा: "ओ", "आ", "ए". तिसऱ्या वेळी स्वराला आजच्या मनाचा रंग येऊ द्यावा. राग असेल तर तो खरखरीत येईल, थकवा असेल तर शेवटी खाली घसरेल, आणि कधी नुसता उसासाच निघेल. हे सर्व योग्यच असते. टोचणारी वेदना, खोकल्याची उबळ किंवा घोगरेपणा जाणवला तर लगेच हुंकारावर परत यावे. मोठा आवाज म्हणजे अधिक मोकळीक, असे काही गणित नाही. अगदी कुजबुजीत मारलेली हाकसुद्धा आतून तेवढीच पूर्ण असू शकते.

कामाच्या हालचालीतून मनाच्या हालचालीकडे

जात्यावर दळणाऱ्या बायकांकडे आवाज आणि हालचाल यांची सांगड तयारच होती. खुंटा धरून हात फिरतो, कमरेपासून धड पुढे जाते आणि मागे येते, त्या फेऱ्यावर श्वास बसतो आणि श्वासावर ओवी बसते. सासरचा जाच, माहेरची ओढ, भावाची वाट, जे चार माणसांत बोलायची मुभा नव्हती ते त्या फेऱ्यात बोलले जाई. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर गाणी म्हणतात, तेथेही झोक्याचे येणेजाणे आणि गाण्याची लय एकमेकांना धरून चालतात. म्हणून हालचालीचा सराव जात्यापासून करावा.

मांडी घालून किंवा खुर्चीच्या कडेला बसून दोन्ही हातांनी न दिसणारा खुंटा धरावा आणि संथ गोल फिरवू लागावे. फेरा लागला की त्यावर हुंकार सोडावा. काही वेळाने फेऱ्याला मोकळीक द्यावी, म्हणजे तो मोठा होईल, एका बाजूला झुकेल, हात सुटून वर जातील किंवा एकदम थांबतील. पुढे काय करायचे हे डोक्याने ठरवू नये, हाताला कोणीकडे जायचे आहे ते पाहावे आणि त्याच्यामागे जावे. उभ्याने करायचे असल्यास पाखडण्याची हालचाल घ्यावी. मनातील नको ते उडवून द्यायला ती फार चांगली आहे, आणि पाखडताना तोंडाने "हॅ" किंवा "फू" असा आवाज आपसूक निघतो. सातपुड्यातील पाड्यांवर होळीला ढोलाच्या ठेक्यावर रात्र रात्र गोल नाचणाऱ्यांना पावलांची लय वेगळी शिकवावी लागत नाही. त्या भागातल्या वाचकांनी हात बाजूला ठेवून सरळ पावलांपासूनच सुरुवात करावी.

मावशी, नणंद, मित्र असे विश्वासाचे कोणी सोबतीला असेल तर मॅरियन चेस यांच्या कामातून आलेला आरशाचा खेळ करून पाहावा. एकाने हालचाल आणि आवाज करायचा, दुसऱ्याने समोर उभे राहून तेच संथपणे परत द्यायचे. त्यात भर घालायची नाही, चिडवायचे नाही आणि अर्थ सांगायचा नाही. थोड्या वेळाने पाळी बदलावी. आपण आत जे भोगतो आहोत ते कोणीतरी अंगाने उचलून घेतले, ही जाणीव नुसत्या सांत्वनाच्या शब्दांनी क्वचितच मिळते.

शेवट करण्याची रीत

सराव मध्येच सोडून कामाला लागू नये. हालचाल हळूहळू लहान करत नुसत्या डोलण्यावर आणावी, मग स्थिर उभे राहून तळपाय पुन्हा जमिनीवर जाणवून घ्यावेत, आसपासच्या पाच वस्तूंची नावे मोठ्याने घ्यावीत आणि पाणी प्यावे. त्यानंतर वहीत चार ओळी लिहाव्यात किंवा स्वतःशीच बोलाव्यात, आणि त्या घरच्या बोलीत असाव्यात. शाळेच्या मराठीत "मला राग आला होता" असे लिहिणारा माणूस "माले राग उना" म्हणतो तेव्हा त्याचा जबडासुद्धा वेगळा हलतो, हे मी पुष्कळ वेळा पाहिले आहे. लेवा बोली, अहिराणी, भिली किंवा पावरी, ज्या भाषेत आपण लहानपणी रडलो त्या भाषेत हे लिहिणे सोपे जाते. वही कोणाला दाखवण्याची गरज नाही.

आठवड्यातून दोन-तीन वेळा, दहा ते पंधरा मिनिटे, एवढा सराव पुरे.

कोणी थांबावे, कोणाकडे जावे

घरी केलेला सराव हा मन मोकळे करण्याचा मार्ग आहे. उपचार मात्र प्रशिक्षित व्यक्तीसोबतच होतात. फिट येणाऱ्यांनी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी, हर्निया किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी मोठ्या हाका आणि जोराच्या हालचाली डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. सराव करताना जुना प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा घडू लागला, अंग बधिर झाले किंवा नंतर झोप उडाली, तर एकट्याने पुढे जाऊ नये. मानसोपचाराची औषधे चालू असतील तर ती या सरावाच्या भरवशावर बंद करू नयेत.

जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभागाची चौकशी करता येते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. जीव नकोसा वाटत असेल तर सराव बाजूला ठेवून आधी हा क्रमांक लावावा आणि जवळच्या माणसाला शेजारी बसवून घ्यावे. कलोपचार करणारी व्यक्ती निवडताना तिने प्रशिक्षण कोठे आणि किती काळ घेतले, तिच्या कामावर ज्येष्ठ तज्ज्ञाची देखरेख आहे का, आणि गटात जे घडेल ते गुप्त राहील का, हे तीन प्रश्न न संकोचता विचारावेत. जी व्यक्ती नको म्हटल्यावरही अंगाला हात लावते, रडायला भाग पाडते किंवा ठरावीक दिवसांत बरे करण्याची हमी देते, तिच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.