‘हे काय आहे सांग?’ : लहान मुलांना चित्रांचं पुस्तक दाखवताना या चुका टाळा

चित्रांचं पुस्तक वाचून संपवायला मोठ्या माणसाला चार-पाच मिनिटं पुरतात. पानावर दोन ओळी असतात. त्या वाचायच्या, पान उलटायचं, झालं. मग तक्रार येते, की एवढे पैसे मोजून आणलेलं पुस्तक दोन दिवसांत मुलाच्या मनातून उतरलं. कुणाची तक्रार उलटी असते : मूल बसतच नाही, दुसऱ्या पानाला उठून पळतं. दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच. मोठी माणसं मजकूर वाचत असतात आणि मूल चित्र वाचत असतं.

कॅनडातल्या मेरी ॲन एव्हान्स आणि जाँ सेंट-ऑबिन या संशोधकांनी २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कुणी वाचून दाखवत असताना बालवाडीच्या वयाची मुलं पानावर नेमकी कुठे बघतात, हे त्यांनी नजरेचा माग घेणाऱ्या यंत्राने टिपलं. अक्षरांकडे मुलं जवळजवळ पाहतच नव्हती. नजर सगळी चित्रांवर. आणि त्यात मुलांचं काही चुकत नाही, कारण चांगल्या चित्रपुस्तकात निम्मी गोष्ट चित्रातच सांगितलेली असते आणि शब्दांनी ती मुद्दाम सोडलेली असते. समजा, मजकूर आहे ‘मिनू शाळेला निघाली’. चित्रात मात्र तिच्या दप्तरातून मांजराची शेपटी बाहेर आली आहे, आभाळ भरून आलंय आणि आजी छत्री घेऊन मागून धावतेय. तीन शब्द वाचून पान उलटलं, तर मांजर गेलं आणि आजीही गेली.

मजकूर संपला की पान उलटणं

नवं पुस्तक आणलं की पहिल्या दिवशी ते वाचूच नका, नुसतं चाळा. मुखपृष्ठावर थांबा, मलपृष्ठावर थांबा. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला काही वेळा एखादी पावलांची रांग किंवा पानाफुलांची नक्षी असते. चित्रकाराने ती उगाच काढलेली नसते. मजकूर एक अक्षरही न वाचता गोष्टीचा अंदाज बांधू द्या. दुसऱ्या दिवशी वाचा. ओळ वाचून झाली की बोट पानाच्या कोपऱ्याकडे जाऊ देऊ नका, पान मुलाला उलटू द्या. ते कधी दोन पानं एकदम उलटेल, कधी मागे जाईल. जाऊ दे. मागे जाणारं मूल बहुधा काहीतरी पडताळून पाहत असतं : हा कुत्रा मघाशी कुठे होता?

वाचणाऱ्याने लेखकाबरोबर चित्रकाराचंही नाव घ्यावं, असं माझं आग्रही मत आहे. आपल्याकडे ते कुणी घेत नाही. काही दिवसांनी मूलच ओळखायला लागतं, की हे चित्र त्या दुसऱ्या पुस्तकवाल्यांचं आहे.

तोंडी परीक्षा

ही सगळ्यात मोठी चूक, आणि सगळ्यात प्रेमाने केली जाणारी.

‘हे काय आहे?’
‘गाय.’
‘इंग्लिशमध्ये काय म्हणतात?’
‘काऊ.’
‘काऊचा कलर कोणता? काऊ काय देते? किती काऊ आहेत? काउंट कर बघू.’

पाहुणे आले असतील तर आवाज आणखी चढतो. मुलाला यातून एवढंच कळतं, की पुस्तक उघडलं की आपल्याला काहीतरी येतं का ते तपासलं जातं. ज्या प्रश्नाचं उत्तर विचारणाऱ्यालाही ठाऊक आहे, तो प्रश्न मुलाला दोन-तीनदा गंमत म्हणून चालतो. नंतर ते उत्तर द्यायचं थांबतं किंवा पुस्तक मिटून टाकतं. पुस्तक मिटणारं मूल ‘वाचनाची आवड नसलेलं’ ठरतं, हे आणखी वर.

प्रश्न विचारूच नयेत असं मात्र नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना चित्रपुस्तक दाखवण्याची थोडी वेगळी रीत शिकवली आणि महिनाभर ती घरी वापरायला सांगितली. एका शब्दात उत्तर येईल असे प्रश्न कमी करायचे, मोकळे प्रश्न विचारायचे आणि मूल जे बोलेल त्यात थोडी भर घालून ते त्यालाच परत द्यायचं. महिन्याभरात ही मुलं बोलण्यात इतरांच्या पुढे गेली होती. ही रीत न शिकवलेल्या दुसऱ्या गटातले पालकही मुलांना पुस्तकं वाचून दाखवतच होते, म्हणजे फरक पडला तो रीतीमुळे.

आपल्या घरात हे कसं दिसेल? मूल म्हणालं, ‘भूभू पळाला.’ तुम्ही म्हणा, ‘हो ना, काळा भूभू चेंडूच्या मागे पळाला.’ पुढच्या वेळी ते कदाचित ‘काळा भूभू’ म्हणेल. ‘चूक, तो भूभू नाही, कुत्रा म्हण’ हे नको. तुमच्या वाक्यात अधूनमधून कुत्रा येऊ द्या, तो शब्द आपोआप उचलला जातो. प्रश्न विचारायचाच तर ‘इथे काय चाललंय?’, ‘ही आजी कुठे निघाली असेल?’, ‘आपल्याकडे असा पाऊस आला तेव्हा काय झालं होतं?’ असा विचारा. आणि विचारल्यावर गप्प बसा. मनातल्या मनात सावकाश पाचपर्यंत मोजा. आपण मोठी माणसं दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन मोकळी होतो. लहान मुलाला शब्द जुळवायला वेळ लागतो, तेवढा द्यायचा.

कधी कधी प्रश्नही नको. ‘अगंबाई, इकडे बघ!’ म्हणून एका कोपऱ्यावर बोट ठेवलं तरी पुरतं.

‘मग यातून आपण काय शिकलो?’

नको. खरंच नको. तीन वर्षांच्या मुलाला तात्पर्य लागत नाही, आणि तात्पर्यासाठी लिहिलेली पुस्तकं सहसा चित्रांतही कंटाळवाणी असतात. तीच गोष्ट ‘यात क कुठे आहे शोध’ची. अक्षरओळखीला दिवसातली दुसरी वेळ आहे.

मूल बसत नसेल तर

आधी वय बघा. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ जुडी डीलोच यांच्या १९९८ मधल्या अभ्यासात नऊ महिन्यांची बाळं पुस्तकातल्या चित्रावर थाप मारत होती, चित्रातली वस्तू चिमटीत उचलायचा प्रयत्न करत होती. दीड वर्ष ओलांडलेली मुलं मात्र चित्राकडे बोट दाखवून काहीतरी म्हणत होती. चित्र ही धरता येणारी वस्तू नाही, हे मुलाला शिकावंच लागतं आणि ते हात लावूनच शिकतं. म्हणून वर्षाच्या आतलं बाळ पुस्तक चावत असेल, ओरबाडत असेल तर ते त्याचं वाचनच चाललंय. त्याला जाड पुठ्ठ्याचं पुस्तक द्या, पातळ कागदाचं वर ठेवा, आणि ‘पुस्तकाला पाय लागला, नमस्कार कर’ हा संस्कार वर्ष-दोन वर्षं लांबणीवर टाका.

दोन वर्षांच्या मुलाने दोन-तीन मिनिटं पाहिलं तरी भरपूर. ते उठून गाडी फिरवत असेल तर तुम्ही वाचत राहा. कान इकडेच असतात. एखादा आवाज काढला की मान वळते. वेळही बघा. भूक लागलेली असताना, खाली बाकीची पोरं खेळत असताना किंवा समोर टीव्ही चालू असताना कोणतंही पुस्तक हरणारच.

आणखी एक साधी गोष्ट : पुस्तक कुणाच्या तोंडासमोर आहे? कित्येक घरांत वाचणारा पुस्तक स्वतःकडे धरतो आणि मुलाला दिसतो तो पुठ्ठा. मांडीवर घ्या, किंवा जमिनीवर पालथं पडून दोघांनी बघा. दोन पानांवर पसरलेलं चित्र मधल्या घडीत बुडतं, तेव्हा पुस्तक पूर्ण सपाट उघडा. नवजात बाळाला साधारण वीस ते तीस सेंटिमीटरवरचंच नीट दिसतं, ठळक काळं-पांढरं सगळ्यात आधी. त्याला पाळण्याच्या दुसऱ्या टोकाला टांगलेला तक्ता दाखवून काही उपयोग नाही.

रोज तेच पुस्तक

‘आता दुसरं वाचू या ना’ ही विनवणी बंद करा. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या जेसिका हॉर्स्ट यांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात काही मुलांना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून दाखवली आणि काहींना वेगवेगळ्या गोष्टी. नवे शब्द दोन्हीकडे तेवढ्याच वेळा आले होते, पण तीच गोष्ट ऐकणाऱ्यांना ते जास्त लक्षात राहिले. तुम्ही कंटाळला असाल, हे मान्य. अशा वेळी एखाद्या ओळीचा शेवट सोडा, मूल तो भरेल. किंवा आज आपण ही गोष्ट मांजराच्या बाजूने सांगू या, म्हणा. पानं चोरून पुढे जायचा प्रयत्न करू नका, पकडले जाल.

एखाद्या पानाला मूल घाबरत असेल तर ते पान चिकटवून टाकण्यापेक्षा ते कधी उघडायचं हे त्यालाच ठरवू द्या. काही मुलं त्याच पानासाठी पुस्तक मागतात.

विकत घेताना

स्टेशनबाहेर आणि मॉलमध्ये मिळणाऱ्या ‘ॲनिमल बुक’मध्ये जांभळा हत्ती गॉगल घालून हसत असतो. ते गमतीला ठीक. पण ज्या मुलाने हत्ती पाहिलेलाच नाही, त्याला या चित्रावरून खरा हत्ती ओळखता येणं अवघड आहे. २००८ मधल्या एका अभ्यासात पंधरा आणि अठरा महिन्यांच्या मुलांना फोटो किंवा हुबेहूब रंगवलेल्या चित्रांवरून शिकलेलं नाव खऱ्या वस्तूला लावणं सोपं गेलं, कार्टूनवरून तेवढं नाही. उघडझाप करणाऱ्या खिडक्या आणि ओढायच्या पट्ट्या असलेल्या पुस्तकांबद्दलही संशोधन असंच सांगतं, की मूल पट्टी ओढण्यात गुंततं आणि आशय मागे पडतो. बटण दाबलं की म्हैस हंबरते त्या पुस्तकांविषयी मी वेगळं काही लिहीत नाही.

मराठीत चित्रपुस्तकंच नाहीत, हे आता खरं नाही. ज्योत्स्ना प्रकाशन आहे. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही माला आहे. चेन्नईची तूलिका मराठीतही पुस्तकं काढते. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका लिहितात आणि चित्रंही स्वतः काढतात. त्यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून चित्रगोष्टी मोफत मिळतात, मराठीतल्याही. त्या उतरवून छापून घ्यायची मुभा आहे. परदेशातल्या मराठी घरांनी याचा फायदा जरूर घ्यावा. मात्र छापून घ्या. दोन वर्षांखालच्या मुलाच्या हातात फोन दिला, की गोष्ट बाजूला राहते आणि बोट पुढच्या व्हिडिओकडे जातं. वर्षाच्या आतल्या बाळाला पडद्यासमोर ठेवूच नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्टच म्हटलंय.

घरची बोली आणि छापील मराठी

घरात मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलतात आणि पुस्तकात प्रमाण मराठी. पुष्कळ आज्या म्हणूनच मागे सरतात : ‘मला नाही बाई तसं वाचता येत.’ त्यांना थांबवू नका. तीन वर्षांपर्यंत गोष्ट आपल्या बोलीतच सांगा, चित्र सगळ्या बोलींत तेच असतं. चारच्या पुढे मात्र अधूनमधून जसं छापलंय तसंही वाचा, कारण दर वेळी तेच शब्द त्याच क्रमाने येतात हे मुलाला तेव्हाच कळतं. ज्या आजी-आजोबांना अक्षरओळख नाही, त्यांच्यासाठी बिनशब्दांची पुस्तकं आणा. आजी चित्र बघून गोष्ट रचते, नातू तिची चूक काढतो, तास निघतो.

अंगणवाडीत किंवा सोसायटीच्या वाचनतासाला

वीत-दीड वीत लांबीचं पुस्तक पंचवीस मुलांना दिसत नाही. मागची मुलं ‘दिसत नाही, दिसत नाही’ करतात आणि त्यांनाच ‘शांत बसा’ म्हणून दरडावलं जातं. सहा-सात मुलांचे गट करा. ते शक्य नसेल तर मोठ्या आकाराचं पुस्तक घ्या, स्वतः बुटक्या स्टुलावर बसा, पुस्तक खालून मध्यभागी धरून आपल्या एका बाजूला ठेवा आणि पान हळूहळू सगळीकडे फिरवा. खिडकी तुमच्या पाठीमागे नको : उजेड मुलांच्या डोळ्यांवर येतो आणि पानावर अंधार पडतो. गुळगुळीत कागदावर ट्यूबलाइट चकाकते, तेव्हा पुस्तक किंचित पुढे झुकवा.

फाटलं, भिजलं, कसर लागली

पुस्तकं काचेच्या कपाटात बंद करू नका. मुलाच्या हाताला येतील अशी, पुठ्ठा समोर दिसेल अशी ठेवा. थोडी फाटणारच. साधी सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडते आणि सुटताना कागदाचा पापुद्रा ओढते. त्यापेक्षा मैद्याची पातळ खळ आणि पतंगाच्या कागदाची पट्टी बरी. पावसाळ्यानंतर पुस्तकं उघडून सावलीत वाऱ्यावर ठेवा. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या मात्र या कप्प्यात कधीच टाकू नका, त्या विषारी असतात आणि मुलांना गोळ्या-बिस्किटांसारख्या वाटतात. खळ लावलेलं पान वाळेपर्यंत खाली-वर बटर पेपर घाला, नाहीतर दोन पानं एकमेकांना चिकटतील.