जुनी कॅरॅव्हॅन घेताय? आधी छतावर पाणी सोडून पाहा

आई-बाबा, लेकरं सगळ्यांना घेऊन दोन-तीन महिने फिराचं म्हणून जुनी कॅरॅव्हॅन नाहीतर टेम्पो ट्रॅव्हलरची बनवलेली गाडी पाहून राहिले असाल तर आतला सोफा न किचन पाहून बयाना देऊ नका. आपल्याकडे उन्हाळ्यात सगळं कोरडं असते, गळती दिसतच नाही. आम्ही मे महिन्यात यवतमाळकडे एक पाहिली, आतून एकदम चकाचक, पण खिडकीखालच्या प्लायवर अंगठा दाबला तर पापडासारखा मोडून आत गेला. म्हणून पाइप लावून छतावर पंधरा-वीस मिनिटं पाणी सोडा न मग टॉर्च घेऊन कपाटाच्या आत, खिडकीच्या रबराखाली, छताच्या जोडावर हात फिरवून पाहा, कुबट वास आला तरी समजून घ्या.

आरसीवर बॉडी टाइप वाचा. साध्या गाडीची कॅरॅव्हॅन केली पण आरटीओची नोंद नाही तर इन्शुरन्स क्लेमला भारी पडते. गाडीवर लोन असलं तर बँकेची एनओसी न फॉर्म ३५ (आरसीवरून बँकेचा बोजा उतरवाचा फॉर्म) मागून घ्या.

टायरची नक्षी चांगली असली तरी तारीख पाहा, टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

अन् ट्रायल रिकाम्या गाडीची घेऊ नका भाऊ. गाडीतली पाण्याची टाकी भरा, १०० लिटर पाणी म्हणजेच १०० किलो झालं, त्यात घरचे सगळे बसवा न परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढून-उतरून पाहा, चढताना टेम्परेचरचा काटा न उतरताना ब्रेक.