उष्ट्रासन शिकवताना या चुका टाळा

'मागे वाका, टाचा धरा.' उष्ट्रासन, म्हणजे गुडघ्यांवर उभं राहून मागे वाकायचं आसन, बरीच वर्षं मी असंच शिकवत होते. सगळं बिघडतं ते याच सूचनेपासून. टाचा धरायच्या म्हटलं की माणूस कसंही करून त्या धरतोच. पाठीचे वरचे १२ मणके बरगड्यांना जोडलेले, ते सहजी वाकत नाहीत. कमरेचे ५ मोकळे. मग सगळा बाक कमरेच्या तळाशी येतो आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो, "ताई, कंबर धरलीय."

वर्गातल्या एका काकूंचे हात पहिल्याच आठवड्यात टाचांना लागले. समोरून आसन सुरेख दिसत होतं. बाजूला जाऊन पाहिलं तर मांड्या पार मागे कललेल्या, श्वास रोखलेला, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. त्यांना भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर उभं केलं. मांड्या आणि ओटीपोट भिंतीला टेकलेलं, हात कमरेवर. "आधी छाती वर उचला, मग मागे. मांड्या भिंतीपासून सुटल्या की तिथेच थांबा." हात टाचांपर्यंत गेलेच नाहीत, पण छाती पहिल्यांदा उघडली आणि श्वास चालू राहिला. तेव्हापासून हे आसन मी बाजूला उभी राहूनच तपासते.

मान सगळ्यात शेवटी मागे न्यायची. मानेचा त्रास असेल किंवा चक्कर येत असेल, तर हनुवटी छातीकडेच राहू द्या. हात पोहोचत नसतील तर चवडे जमिनीवर टेकवून टाचा उंच करा, नाहीतर टाचांवर लोड (लांबट गोल उशी) ठेवा. गुडघे टोचत असतील तर खाली सतरंजीची घडी. पाठीवर हात ठेवून कुणालाही दाबू मात्र नका, कितीही जवळचा विद्यार्थी असो.

हर्निया, पोटाचं नुकतंच झालेलं ऑपरेशन, मणक्यांमधली सरकलेली गादी, गरोदरपण, आटोक्यात नसलेला रक्तदाब: अशांना हे आसन देऊ नका. आणि हे भर वर्गात विचारू नका, बायका सांगत नाहीत. आधी एकेकीला बाजूला घेऊन विचारा.

उठताना एक हात सोडून वळत वर येणं ही नेहमीची चूक. दोन्ही हात कमरेवर, आधी छाती वर, डोकं शेवटी. मग थोडा वेळ वज्रासनात शांत बसू द्या. लगेच पश्चिमोत्तानासन, म्हणजे पाय पसरून पुढे वाकणं, नको. बाकातून आलेल्या कमरेला तो उलटा ताण झेपत नाही.