एकाच वाइनमेकरच्या व्हाइट वाइन चाखताना क्रम कसा लावावा?

फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातल्या व्हुव्रेमधली ह्युए ही वाइनरी घ्या. द्राक्ष एकच, शेनिन ब्लाँ (आपल्या नाशिककडेही पिकतं ते). मळे मात्र तीन: ल ओ-लिय, ल माँ आणि क्लो द्यु बूर. त्यातही कोरडी (म्हणजे गोड नसलेली) 'सेक', किंचित गोड 'दमी-सेक' आणि चांगली गोड 'मोअलो' असे प्रकार.

बाटल्या मळ्यानुसार लावू नका, गोडीनुसार लावा. आधी तिन्ही मळ्यांच्या सेक, एकाच वर्षाच्या मिळाल्या तर उत्तमच. मग दमी-सेक, शेवटी मोअलो. गोड आधी प्यायलात तर नंतरची कोरडी वाइन नुसती आंबट लागते.

तिन्ही सेकचे ग्लास शेजारी ठेवा आणि एकदम संपवू नका. वाइन फ्रिजमधून काढल्या काढल्या मुकी असते. दहा-बारा अंशांवर आली की बोलू लागते. चिकणमातीतली ल ओ-लिय मऊ, गोलसर वाटते, तर गारगोट्यांच्या जमिनीतली ल माँ ताठ आणि धारदार. हा फरक पहिल्या घोटात क्वचितच कळतो, म्हणून अर्ध्या तासाने त्याच ग्लासांकडे परत या. मध्ये साधा पाव खा. चीज नंतर, कारण त्याने आंबटपणा झाकला जातो.